निरोगी ऊतीचा उजेड: स्तनाचा एमआरआय आणि कर्करोगाची जोखीम

स्तनाच्या एमआरआय तपासणीत शिरेतून गॅडोलिनियमचे औषध सोडले की मिनिट-दीड मिनिटात कर्करोगाची गाठ चित्रात पांढरी होऊन उठून दिसते. ही तपासणी सगळी त्यावरच उभी आहे. पण त्याच वेळी गाठीच्या आजूबाजूची, किंवा गाठ नसलेल्या स्तनातलीही, अगदी निरोगी अशी दुधाच्या ग्रंथींची ऊती थोडीफार उजळते. कुणाची जेमतेम, तर कुणाची इतकी की त्या पांढऱ्या गर्दीत गाठ शोधणे अवघड व्हावे. रेडिओलॉजिस्ट याला ‘बॅकग्राउंड पॅरेन्कायमल एन्हान्समेंट’ म्हणतात. रिपोर्टात ते ‘बीपीई’ या तीन अक्षरांनी येते आणि त्यापुढे ‘मिनिमल’, ‘माइल्ड’, ‘मॉडरेट’ किंवा ‘मार्क्ड’ यांपैकी एक शब्द असतो. बराच काळ हा उजेड म्हणजे चित्र वाचणाऱ्याच्या वाटेतला अडथळा, एवढीच त्याची ओळख होती. गेल्या पंधरा वर्षांत मात्र वेगळा प्रश्न पुढे आला आहे: ज्या स्त्रीची निरोगी ऊती जास्त उजळते, तिला पुढे स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यताही जास्त असते का? उत्तर ‘काही अंशी हो’ असे आहे. ते ‘काही अंशी’ नीट समजून घेण्यासाठी आधी हा उजेड येतो कुठून ते पाहावे लागते.

तपासणीच्या वेळी स्त्रीला पालथे झोपवतात. टेबलावर दोन पोकळ्या असतात. स्तन त्यांत मोकळे राहतात आणि भोवती संदेश टिपणारी कॉइल असते. दंडात किंवा हातात शिरेची सुई लावलेली असते. आधी औषधाविना एक चित्रमालिका घेतात. मग वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिमोल या हिशेबाने औषध सोडतात, पाठोपाठ थोडे सलाइन देतात आणि दर मिनिट-दोन मिनिटांनी त्याच भागाची चित्रे पुन्हा पुन्हा घेतात. नंतरच्या चित्रातून संगणक आधीचे चित्र वजा करतो. जे बदलले नाही ते काळे पडते आणि औषध पोहोचले तेवढाच भाग पांढरा उरतो. या तपासणीत क्ष-किरण वापरत नाहीत. अंगावर येतो तो प्रचंड आवाज आणि पाऊण तास हालचाल न करता पडून राहण्याचा त्रास.

गॅडोलिनियम हा धातू चुंबकीय गुणाचा आहे. तो जवळ आला की पाण्यातल्या हायड्रोजनची केंद्रके चुंबकीय धक्क्यातून लवकर सावरतात, आणि तेवढ्या भागाचा संदेश जोरकस होतो. सुटा धातू शरीराला विषारी असल्याने तो एका मोठ्या रेणूत घट्ट बांधून देतात. पुढे तो मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो. म्हणूनच मूत्रपिंड निकामी असलेल्या रुग्णाला हे औषध देताना फार जपावे लागते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर जर्मनीत सिल्व्हिया हायवांग आणि वेर्नर कायझर यांनी स्तनाच्या तपासणीसाठी त्याचा वापर सुरू केला. तोवर एमआरआयने स्तनातली गाठ दिसे, पण ती साधी की कर्करोगाची ते सांगता येत नसे. औषधाने तो फरक दिसू लागला.

फरक दिसण्यामागे रक्तवाहिन्या आहेत. वाढत्या गाठीला रक्त लागते आणि ते मिळवण्यासाठी ती नव्या केशवाहिन्या फुटायला भाग पाडते, असे जुडा फोकमन या अमेरिकी शल्यविशारदाने १९७१ मध्ये मांडले होते. या घाईने उभारलेल्या वाहिन्या कच्च्या असतात, गळक्या असतात. औषध त्यांतून भराभर बाहेर झिरपते आणि तितक्याच वेगाने परतही जाते. चांगल्या ऊतीतल्या वाहिन्यांच्या भिंती पक्क्या असतात, त्यामुळे तिथे औषध सावकाश, थोडे थोडे साचत जाते. गाठ पहिल्या दोन मिनिटांत उजळते, निरोगी ऊती त्यानंतरही हळूहळू उजळत राहते. पहिलेच चित्र वाचकाला सर्वांत मोलाचे वाटते ते यामुळे. आणि त्या पहिल्याच चित्रात निरोगी ऊतीही चमकली तर ती कोड्यात टाकते.

या निरोगी उजेडाची एक ठरावीक ठेवण असते. स्तनाला रक्त मुख्यतः कडेने येते: आतल्या बाजूने उरोस्थीच्या शेजारून येणाऱ्या धमनीचे, बाहेरच्या बाजूने काखेकडून येणाऱ्या धमनीचे. त्यामुळे औषधही आधी कडेला पोहोचते आणि ग्रंथींच्या पट्ट्याला चौकटीसारखी पांढरी किनार येते, मधला भाग त्यानंतर उजळतो. शिवाय दोन्ही स्तनांत हा प्रकार बहुधा सारखाच असतो. अनुभवी रेडिओलॉजिस्टचा या सारखेपणावर मोठा भरवसा असतो. एकाच बाजूला, एकाच पट्ट्यात उजेड दिसला तर तो निरोगी आहे असे सहसा गृहीत धरत नाहीत. दुधाच्या नळ्यांपुरताच असलेला प्राथमिक कर्करोग नेमका असाच पसरट उजळतो.

स्तनाच्या चित्रांचे रिपोर्ट एकाच भाषेत लिहिले जावेत यासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने ‘बायराड्स’ नावाची नियमावली केली आहे आणि भारतातही तीच चालते. तिच्या २०१३ च्या आवृत्तीपासून एमआरआयच्या प्रत्येक रिपोर्टात दोन वेगवेगळ्या गोष्टी लिहायच्या असतात. एक, स्तनात ग्रंथी आणि तंतूंची ऊती किती आणि मेद किती. दोन, त्या ऊतीपैकी किती आणि किती जोराने उजळली. या दोहोंची गल्लत फार होते. भरपूर ग्रंथी असलेला स्तन औषधानंतरही काळाच राहू शकतो, आणि बहुतांश मेद असलेल्या स्तनातल्या चार-दोन ग्रंथी लखलखू शकतात. पहिली गोष्ट ऊतीचे प्रमाण सांगते, दुसरी तिच्यातला रक्तपुरवठा आणि तिची धावपळ.

ही धावपळ चालते हार्मोनच्या हुकमाने. इस्ट्रोजेनमुळे स्तनातल्या लहान रक्तवाहिन्या पसरतात आणि त्यांच्या भिंती अधिक झिरपू लागतात. प्रोजेस्टेरॉनमुळे ग्रंथींच्या पेशी विभागू लागतात, त्यांची प्राणवायूची गरज वाढते. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात स्तन जड होणे, दुखणे हा बहुतेक स्त्रियांचा अनुभव असतो. एमआरआयमध्ये त्याच गोष्टीचे चित्र दिसते. जर्मनीतल्या क्रिस्टियाने कूल यांनी १९९७ मध्ये निरोगी तरुण स्त्रियांची पाळीच्या एकाच चक्रात अनेकदा तपासणी केली. तेव्हा उजेड पहिल्या आणि चौथ्या आठवड्यात सर्वांत जास्त आणि दुसऱ्या आठवड्यात सर्वांत कमी असल्याचे दिसले. एका स्त्रीत एका महिन्यात संशयास्पद वाटलेला ठिपका पुढच्या महिन्यात नाहीसाही झालेला होता. पाळी येणाऱ्या स्त्रीला एमआरआयची तारीख पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान देण्याची पद्धत या अभ्यासांमुळे रुजली.

बाळाला अंगावर पाजणाऱ्या स्त्रीच्या स्तनात उजेड कमालीचा वाढतो, कारण दूध तयार करणाऱ्या ग्रंथींना रक्ताचा ओघ प्रचंड लागतो. पाळी कायमची थांबल्यावर तो उतरत जातो. रजोनिवृत्तीनंतर हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या तर पुन्हा चढतो. टॅमॉक्सिफेन हे इस्ट्रोजेनची वाट अडवणारे औषध सुरू केले की काही महिन्यांत मावळू लागतो. इस्ट्रोजेन तयारच होऊ न देणाऱ्या अरोमाटेज प्रतिबंधक औषधांनीही तो कमी होतो. बीआरसीए जनुकांतल्या दोषामुळे ज्या स्त्रिया बीजांडकोश काढून घेतात, त्यांच्या स्तनांतला उजेड शस्त्रक्रियेनंतर मंदावतो. एका स्तनाला किरणोपचार दिले असतील तर त्या बाजूला अंधार आणि दुसऱ्या बाजूला नेहमीचा उजेड असे विषम चित्र दिसते. उजेड वाढवणाऱ्या आणि घटवणाऱ्या गोष्टींची ही यादी स्तनाच्या कर्करोगाची जोखीम वाढवणाऱ्या आणि घटवणाऱ्या गोष्टींच्या यादीशी बरीच जुळते, आणि संशोधकांचे कुतूहल इथूनच चाळवले.

ती दुसरी यादी फार जुनी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीतल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने मठातल्या जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग इतर बायकांपेक्षा जास्त दिसतो, अशी नोंद केली होती. १८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसनने कर्करोग बळावलेल्या स्त्रियांचे बीजांडकोश काढल्याचे आणि काहींच्या गाठी आकसल्याचे प्रसिद्ध केले. इस्ट्रोजेन हा पदार्थ माहीत होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. १९२६ मध्ये इंग्लंडच्या जॅनेट लेन-क्लेपन यांनी कर्करोग झालेल्या आणि न झालेल्या सुमारे पाचपाचशे स्त्रियांची माहिती शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा उशिरा लग्न, कमी मुले आणि अंगावर न पाजणे या गोष्टी पहिल्या गटात जास्त आढळल्या. मुंबईत १९६३ मध्ये सुरू झालेल्या कर्करोग नोंदणीतही हेच दिसत आले. पारशी स्त्रियांमध्ये या आजाराचे प्रमाण शहरातल्या इतर समाजांपेक्षा जास्त होते. त्या समाजातली उशिराची लग्ने आणि मोजकी मुले हे त्याचे एक कारण मानले जाते.

आज ही यादी लांब झाली आहे. वाढते वय, लवकर आलेली पहिली पाळी, उशिरा गेलेली पाळी, मूल न होणे किंवा तिशीनंतर पहिले मूल, आई-बहिणीला झालेला कर्करोग, बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ जनुकांतले दोष, तरुणपणी छातीला मिळालेले किरणोपचार, मद्यपान, रजोनिवृत्तीनंतरचा लठ्ठपणा, हार्मोनच्या गोळ्या. तीस देशांतल्या सत्तेचाळीस अभ्यासांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये काढलेला हिशेब असा, की स्त्रीने एकूण बारा महिने अंगावर पाजले की जोखीम ४.३ टक्क्यांनी घटते आणि शिवाय प्रत्येक बाळंतपणामागे ७ टक्क्यांनी. त्याच वर्षी अमेरिकेत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांच्या एकत्रित गोळ्यांची मोठी चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली, कारण गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग सुमारे एक चतुर्थांशाने जास्त निघू लागला होता. यातली बहुतेक सूत्रे शेवटी एकाच ठिकाणी मिळतात: स्तनाच्या ऊतीवर आयुष्यभरात हार्मोनचा अंमल किती काळ आणि किती तीव्र राहिला.

मग एमआरआयमधला उजेड हा या अंमलाचा डोळ्यांना दिसणारा पुरावा असू शकेल का? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे तपासले. जास्त जोखमीच्या म्हणून एमआरआय होत असलेल्या स्त्रियांपैकी ज्यांना कर्करोग निघाला आणि ज्यांना निघाला नाही, त्यांची चित्रे त्यांनी ताडून पाहिली. मध्यम किंवा तीव्र उजेड असलेल्या स्त्रियांत कर्करोगाची शक्यता सुमारे दहापट भरली. आकडा खळबळजनक होता, पण कर्करोगाचे रुग्ण त्यात चाळीसच्या आत होते. इतक्या लहान गटात निघालेले मोठे आकडे पुढे टिकत नाहीत, हा वैद्यकातला नेहमीचा अनुभव आहे. इथेही तसेच झाले.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या स्तन-कर्करोग तपासणीच्या नोंदण्यांमधून ४,२४७ स्त्रियांची माहिती तपासली गेली. एमआरआयनंतर पुढच्या काळात त्यांच्यातल्या १७६ जणींना कर्करोग झाला. ‘मिनिमल’ उजेड असलेल्या स्त्रियांशी तुलना करता ‘माइल्ड’ गटात जोखीम १.८ पट, ‘मॉडरेट’ गटात २.४ पट आणि ‘मार्क्ड’ गटात ३.४ पट निघाली. दहापटीच्या मानाने हे आकडे साधे, पण विश्वास ठेवण्याजोगे. पायरीगणिक जोखीम चढत गेली आहे, ही त्यांतली सर्वांत बोलकी बाब. मॅमोग्राफीतली घनता, म्हणजे त्या चित्रात स्तनाचा किती भाग पांढरा दिसतो ते, हिशेबात धरल्यावरही हा संबंध पुसला गेला नाही.

याच अभ्यासातला आणखी एक आकडा बातम्यांत सहसा येत नाही. ‘माइल्ड’ किंवा त्याहून जास्त उजेड कर्करोग झालेल्यांपैकी ८० टक्के स्त्रियांत होता. न झालेल्यांपैकी तो किती जणींत होता? ६६ टक्के. म्हणजे ज्यांना काहीही झाले नाही अशा दर तिघींपैकी दोघींचे चित्रही उजळच होते. मोठ्या गटाबद्दल बोलताना या खुणेला अर्थ आहे. समोर बसलेल्या एका स्त्रीचे भविष्य तिच्यावरून सांगता येत नाही. त्याच वर्षी अठरा अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात हा संबंध जास्त जोखमीच्या स्त्रियांत आढळला, सर्वसाधारण जोखमीच्या स्त्रियांत मात्र तो दिसला नाही. त्यामुळे कुटुंबात कर्करोग नसलेल्या, जनुकीय दोष नसलेल्या स्त्रीच्या रिपोर्टात ‘मार्क्ड’ हा शब्द आला तर या आढाव्यावरून त्याचा तिच्या जोखमीशी संबंध जोडता येत नाही.

यात काही विसंगतीही आहेत आणि त्या मोठ्या उद्बोधक आहेत. वय वाढते तसा कर्करोगाचा धोका वाढतो, उजेड मात्र वयाबरोबर कमी होतो. स्तनपानाच्या काळात उजेड शिखरावर असतो, पण स्तनपानाने दूरचा धोका घटतो. मग उजेडाला जोखमीची खूण म्हणायचे कसे? मॅमोग्राफीतल्या घनतेबाबत हाच पेच पडला होता, कारण घनताही वयाबरोबर उतरते. त्याचा उलगडा माल्कम पाइक या संशोधकाने १९८३ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून होतो. स्तनाच्या ऊतीचे वय कॅलेंडरच्या वयापेक्षा वेगळे असते. पहिल्या पाळीपासून पेशी विभागत राहतात तसे ते भराभर वाढते, पहिल्या बाळंतपणानंतर त्याचा वेग मंदावतो, पाळी गेल्यावर आणखी मंदावतो. कर्करोगाची शक्यता ठरते ती या साऱ्या वर्षांच्या बेरजेवर. चाळिशीत दिसणारा उजेड त्या बेरजेत त्या वर्षी किती भर पडते आहे ते सांगतो. साठीपर्यंत उजेड मावळला तरी साठलेली बेरीज तशीच राहते. म्हणून तुलना करायची ती एकाच वयाच्या, एकाच टप्प्यावरच्या स्त्रियांची. पंचविशीतल्या मुलीचा उजळ स्तन हा तिच्या वयाचा भाग आहे. पाळी जाऊन दहा वर्षे झालेल्या, हार्मोनच्या गोळ्या न घेणाऱ्या स्त्रीच्या स्तनात तसाच उजेड दिसला तर त्याची दखल घेण्याचे कारण जास्त आहे.

लठ्ठपणाचा धागाही याच टप्प्याशी जुळतो. पाळी गेल्यावर बीजांडकोश थंडावतात आणि शरीरातले इस्ट्रोजेन मुख्यतः मेदात तयार होऊ लागते. मेद जितका जास्त तितके ते जास्त. रजोनिवृत्तीनंतरच्या लठ्ठपणाने कर्करोगाची जोखीम वाढते, आणि काही अभ्यासांत वजन जास्त असलेल्या स्त्रियांचा उजेडही जास्त आढळला आहे. अनेक जणी ‘आता वय झाले, वजन वाढणारच’ म्हणून ज्या काळात हे सोडून देतात, नेमक्या त्याच काळात वजनाचा स्तनाशी संबंध सर्वांत घट्ट असतो.

घनता आणि उजेड यांत एक मोठा फरक आहे. मॅमोग्राफीत जवळजवळ सगळा पांढरा दिसणारा, म्हणजे तीन चतुर्थांशांहून जास्त घन स्तन असलेल्या स्त्रीची जोखीम जवळजवळ सगळा मेद असलेल्या स्त्रीच्या चौपटीहून अधिक असते, हे २००६ च्या मोठ्या आढाव्यापासून पक्के मानले जाते. पण घनता फार सावकाश बदलते. उजेड महिन्याभरातही बदलतो आणि औषधाला काही महिन्यांत प्रतिसाद देतो. टॅमॉक्सिफेनने कर्करोग टाळण्याच्या ब्रिटिश चाचणीत असे दिसले होते की ज्यांची घनता दहा टक्क्यांनी तरी उतरली त्यांनाच औषधाचा खरा लाभ झाला. पण तो उतार कळायला वर्ष-दीड वर्ष जावे लागले. उजेडावरून हेच लवकर ओळखता आले, तर औषध कुणाला लागू पडते आणि कुणी त्याचे दुष्परिणाम विनाकारण सोसू नयेत, हे वेळेवर ठरवता येईल. बीपीईचा खरा उपयोग झालाच तर तो इथे होईल. जोखमीचे भाकीत करण्यापेक्षा औषधाचा परिणाम मोजण्यात या खुणेची ताकद जास्त दिसते.

मोजण्याची अडचण मात्र अजून सुटलेली नाही. चार शब्दांतला निवाडा रेडिओलॉजिस्ट नजरेने करतो. एकच चित्र एकाला ‘माइल्ड’ वाटते, दुसऱ्याला ‘मॉडरेट’. यंत्राची ताकद, औषधाचा प्रकार, सोडण्याचा वेग, पहिले चित्र किती सेकंदांनी घेतले, यानेही फरक पडतो. संगणकाकडून उजळलेल्या ऊतीचे घनफळ मोजून घेण्याचे प्रयोग बरेच झाले आहेत, पण प्रत्येक गटाने ‘उजळले’ म्हणण्याची मर्यादा वेगळी धरल्याने एकाचे आकडे दुसऱ्याशी जुळत नाहीत. जोखमीचा हिशेब करणाऱ्या प्रचलित पद्धतींमध्ये घनतेला जागा मिळाली आहे. बीपीईला अजून तशी मिळालेली नाही.

जास्त उजेडाचा रोजच्या कामातला परिणाम म्हणजे नाहक धावपळ. अशा चित्रांत संशयास्पद जागा जास्त सापडतात, त्यामुळे पुन्हा सोनोग्राफी, सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय, क्वचित सुईने तुकडा काढून तपासणी हे सारे वाढते. उजेडामुळे कर्करोग नजरेतून सुटतो का, याचा शोध घेतला असता सुटण्याचे प्रमाण लक्षणीय वाढलेले आढळले नाही. तेव्हा स्त्रीच्या वाट्याला जास्त येते ती काळजी.

मुळात हा एमआरआय कुणी करायचा? अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २००७ मध्ये आयुष्यभराची जोखीम २० ते २५ टक्क्यांहून जास्त असलेल्या स्त्रियांना मॅमोग्राफीसोबत दरवर्षी एमआरआयचा सल्ला दिला. बीआरसीए दोष असलेल्या आणि तरुणपणी छातीला किरणोपचार झालेल्या स्त्रिया त्यात येतात. नेदरलँड्समध्ये अतिशय घन स्तन असलेल्या सुमारे ४०,००० स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात अचानक उद्भवणारे कर्करोग मॅमोग्राफीच्या गटात हजारी ५ होते, तर एमआरआयसाठी बोलावलेल्या गटात २.५.

भारतातले चित्र वेगळे आहे. २०२२ मध्ये देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचे नव्याने निदान झाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. इथल्या रुग्ण स्त्रिया पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा साधारण दहा वर्षांनी तरुण असतात, पाळी चालू असलेल्यांचा वाटा मोठा असतो, म्हणून भरपूर उजेडाचे चित्र वाचण्याचे प्रसंगही इथे जास्त येतात. पण बहुसंख्य स्त्रियांपर्यंत एमआरआय पोहोचण्याचा प्रश्नच नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतल्या दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे चालवलेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी एका गटातल्या स्त्रियांचे स्तन दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासले. त्याने कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागले आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांपुढे बीपीईची चर्चा मोजक्या स्त्रियांपुरती राहते, हे मान्य करायला हवे.

त्या मोजक्या स्त्रियांसाठी सूचना थोड्याच आहेत. पाळी चालू असेल तर एमआरआयची तारीख दुसऱ्या आठवड्यातली मागावी. शेवटची पाळी कधी आली, हार्मोनच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, बाळ अंगावर पिते का, मूत्रपिंडाचा काही विकार आहे का, हे तपासणीआधी सांगावे. जुने एमआरआय सोबत न्यावेत, कारण उजेड वाढला की तसाच आहे हे त्यांच्याशी ताडूनच कळते. बीपीईसाठी म्हणून कोणतेही औषध घ्यायचे नसते. रिपोर्टातल्या त्या शब्दापेक्षा शेवटी लिहिलेला बायराड्सचा ० ते ६ मधला आकडा महत्त्वाचा, आणि पुढे काय करायचे ते त्यावरून ठरते. कर्करोगाचे निदान आधीच झाले असेल तर मात्र पाळीचा हिशेब पाहत थांबू नये. मिळेल त्या तारखेला एमआरआय करून घ्यावा.